आतिथ्य विकता येतं का?



आजचा विषय फलकावर वाचून दारातच दोघातिघांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही हॉटेलात कधी शिरलात?" मी म्हटलं, शिरलो नाही, विद्यार्थिदशेपासून तिथंच जेवतोय!

तर सुरुवात जेवणापासूनच करू. मी पुण्यात शिकायला होतो तेव्हा आमच्या भागात दोन खानावळी होत्या. एकीत सगळं चोख. साडेअकराला पहिली पंगत, पोळी गरम, आणि महिनाअखेर हिशेब पैशापैशाने बरोबर. दुसरी एक काकू चालवायच्या. त्यांची आमटी, खरं सांगतो, पातळच असायची. पण एकदा मी तापाने खोलीवर पडलो. दोन दिवस पानावर दिसलो नाही, तर तिसऱ्या दिवशी मऊ भाताचा डबा खोलीवर आला. पैसे दोन्हीकडे सारखेच. पहिल्या खानावळीचं नावसुद्धा आता मला आठवत नाही. दुसरीचा जिना आठवतो.

हा जो फरक आहे, तो नेमका कशाचा आहे? माझ्या पिढीचे लोक म्हणतील, काकूंचा मायाळूपणा, दुसरं काय! पण एका अमेरिकन हॉटेलवाल्याने हा फरक नीट मांडला आणि त्यावर मोठा व्यवसाय उभा केला. त्याचं नाव डॅनी मायर.

मायर यांचा जन्म १९५८चा, सेंट लुइसचा. वकिलीच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं ठरलं होतं. परीक्षेच्या आदल्या रात्री काकांनी कान उघडले : लहानपणापासून तू फक्त खाण्याबद्दल बोलतोस, मग हॉटेल का काढत नाहीस? १९८५ साली, सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'युनियन स्क्वेअर कॅफे' उघडलं. ते चाललं, उत्तम चाललं. आता बघा, आपण काय केलं असतं? दोन वर्षांत दुसरी शाखा, चार वर्षांत पाचवी. त्यांनी दुसरं रेस्टॉरंट काढलं ते १९९४ साली. मध्ये नऊ वर्षं गेली. वडिलांचा व्यवसाय पसारा वाढवता वाढवता बुडालेला त्यांनी पाहिला होता, ती भीती मनात होती. ॲरिस्टॉटल म्हणतो की सद्गुण हा सवयीने अंगी मुरतो. मला वाटतं, संस्थेचंही तसंच आहे. सवय मुरायच्या आधी शाखा काढली, तर पाटी तेवढी नव्या जागी जाते, सवय मागेच राहते.

आता मूळ मुद्दा. मायर दोन शब्द वेगळे करतात : सेवा आणि आतिथ्य. सेवा म्हणजे काम नीट पार पडणं. सांगितलेला पदार्थ, सांगितलेल्या वेळी, योग्य माणसासमोर आला, झाली सेवा. आतिथ्य म्हणजे ते काम होत असताना समोरच्याला काय वाटलं. हा माणूस माझ्या बाजूचा आहे असं वाटलं का? सेवा एकतर्फी असू शकते, कारण तिचे नियम मालक ठरवतो. आतिथ्याला मात्र समोरच्याचं ऐकावं लागतं. म्हणून माणूस कामावर घेताना ते एक्कावन्न टक्के वजन स्वभावाला देतात आणि एकोणपन्नास टक्के कौशल्याला. ताटं उचलायला शिकवता येतं. दुसऱ्याची अडचण दिसणं शिकवणं मात्र फार कठीण.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी लावलेला क्रम. आपल्याकडे प्रत्येक गल्ल्यामागे पाटी असते, गिऱ्हाईक हाच देव. मायर यांच्या क्रमात गिऱ्हाईक दुसरं आहे. पहिले कर्मचारी, मग गिऱ्हाईक, मग आजूबाजूची वस्ती, मग माल पुरवणारे, आणि शेवटी गुंतवणूकदार. हे काही परोपकाराचं बोलणं नाही. ज्या पोऱ्याला आत शिव्या बसतात, तो बाहेर येऊन तुमच्याकडे बघून मनापासून हसेल कसा? साधं कार्यकारण आहे.

वस्तीचं उदाहरण ऐका. मॅडिसन स्क्वेअर नावाची बाग दुर्दशेत होती. ती सुधारण्याच्या खटपटीत मायर होते. २००१ साली तिथं एका कलाप्रदर्शनाचा भाग म्हणून हॉटडॉगची हातगाडी लावली. ती गाडी तीन उन्हाळे चालली, रांगा लागल्या. २००४ साली तिथंच कायमची टपरी झाली, तीच 'शेक शॅक'. दुसरी शाखा काढायला पुन्हा चार वर्षं घेतली. आणि २०१५च्या जानेवारीत ही कंपनी शेअर बाजारात आली!

आपल्याशीही एक धागा आहे. त्याच बागेसमोर १९९८ साली मायर यांनी 'तबला' नावाचं रेस्टॉरंट काढलं. त्याचे शेफ होते फ्लॉइड कार्डोझ, मुंबईत जन्मलेले, घराणं गोव्याचं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर भारतीय मसाला मानाने मांडणारं ते ठिकाण बारा वर्षं चाललं आणि २०१०च्या शेवटी बंद झालं. पुढे मुंबईत 'द बॉम्बे कॅन्टीन' उभं राहिलं त्यातही कार्डोझ होते. मार्च २०२० मध्ये करोनाने ते गेले.

आता अपयशाकडे येतो, कारण खरा धडा तिथं असतो. शेक शॅकने २०१३ साली ठरवलं की गोठवलेले नागमोडी बटाटे बंद, ताजे कापून तळायचे. तर्काने निर्णय अगदी बरोबर. पण लोकांना ते जुनेच हवे होते! वर्षभरात कंपनी मागे आली. ही चूक सोपी होती, दुरुस्त झाली.

दुसरी अवघड होती. २०१५ साली मायर यांनी आपल्या रेस्टॉरंटांतून टीप बंद करायला सुरुवात केली. कारण असं की टीप मिळते वाढणाऱ्याला. आत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला ती मिळत नाही, आणि तिथल्या कायद्याने ती त्याला वाटूनही देता येत नव्हती. म्हणून पदार्थांचे दर वाढवले आणि पगारातून समतोल साधायचा प्रयत्न केला. हेतू न्यायाचा होता. पण दर बघून गिऱ्हाईक बिचकलं, टीपवर चांगली कमाई करणारे काही वाढपी सोडून गेले. २०२०च्या जुलैत टीप परत आली. मी काय म्हणतो, एकट्याने न्यायी व्हायचं ठरवलं आणि शेजारचा बाजार जुन्याच रीतीने चालला, तर न्यायाची किंमत एकट्याला मोजावी लागते.

इथं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. (श्रोत्यांतून प्रश्न : "सर, पण मग हे सगळं धंद्याचं नाटकच नाही का?") बरोबर, हाच प्रश्न! कांट सांगतो की काही गोष्टींना किंमत असते आणि माणसाला प्रतिष्ठा असते. किंमत असलेल्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवता येते, माणसाच्या जागी नाही. मग पैसे घेऊन दिलेली आपुलकी ही किंमतीत मोडते की प्रतिष्ठेत?

माझं उत्तर असं. कांटने दुसऱ्याचा साधन म्हणून उपयोग करायला बंदी केलेली नाही. 'केवळ' साधन म्हणून वागवायला केली आहे. त्या 'केवळ'मध्ये सगळं आलं. काकू दर एक तारखेला माझ्याकडून पैसे घ्यायच्या, न विसरता. त्याने तो डबा खोटा ठरत नाही. खोटा केव्हा ठरला असता? मी महिना सोडून जाणार हे कळल्यावर तो आला नसता, तर.

म्हणजे कसोटी संकटात लागते. मार्च २०२० मध्ये मायर यांच्या समूहाने सुमारे दोन हजार माणसं, जवळजवळ ऐंशी टक्के, कामावरून कमी केली. 'कर्मचारी पहिले' म्हणणाऱ्याने! त्याच सुमारास शेक शॅकला छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी योजनेतून एक कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. खऱ्या छोट्या हॉटेलांना पैसे पुरत नाहीत असं दिसल्यावर एप्रिलमध्ये ते परत केलं. या दोन गोष्टींची मी वजाबाकी करणार नाही. ज्याची नोकरी गेली त्याला परत केलेल्या कर्जाचं काय सुख? पण एवढं खरं, की क्रम जाहीर लावलेला असल्यामुळेच तो मोडला हे आपल्याला दिसलं. ज्याने क्रमच लावला नाही, त्याला कुणी जाब विचारत नाही.

तेव्हा तुमच्यातले जे तरुण स्नॅक सेंटर काढायच्या विचारात आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं. भाडं, गॅस, तेल यांचा हिशेब तुम्ही कराच, तो मला येत नाही. पण एका कागदावर लिहून ठेवा की तुमच्याकडे पहिलं कोण, दुसरं कोण, शेवटचं कोण. आणि तो कागद आत भांडी घासणाऱ्या मुलाला वाचता येईल अशा जागी लावा.