रात्रीचं अपडेट, दिवसभराचं निस्तरणं

सकाळी ९ : दूध संस्थांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. लॅपटॉप उघडायच्या आत एका संस्थेच्या सचिवांचा फोन. "सर, बिलंच निघंनात. माणसं दारात येऊन बसलीत." दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं होतात, आणि आज नेमका तोच दिवस.

९:३० : लॉगमध्ये एकच ओळ पुन्हापुन्हा येतेय, या नावाचं फंक्शन नाही. काल होतं. एका ओपन सोर्स लायब्ररीत सुरक्षेची त्रुटी सापडली, म्हणून रात्री तिची नवी आवृत्ती चढवणं भागच होतं. आवृत्तीचा फक्त शेवटचा आकडा बदलला होता. तेवढाच बदलला तर जुना कोड जसाच्या तसा चालायला हवा, असा या क्षेत्रातला संकेत आहे.

११ : सोर्स वाचत बसलो. फंक्शनचं नाव बदललंय. शिवाय पूर्वी आधी साचा आणि मग तारीख द्यायची, ते आता उलटं झालंय. बदलांच्या नोंदीत दोनच शब्द, 'अंतर्गत साफसफाई'. आमच्या बाजूला जुन्या नावाचं छोटं फंक्शन लिहून ते नव्याला जोडलं. बिलं निघाली, पण एक्सेलचा अहवाल बसला. तो बनवणाऱ्या लायब्ररीला जुनीच आवृत्ती लागते.

दुपारी १:३० : डबा खाताना सहकारी म्हणाला, "फुकट मिळतंय, मग तक्रार कसली?" मला हे पटत नाही. अशा लायब्ररी सांभाळणारे कित्येकजण पदरमोड करून, रात्री जागून हे काम करतात, त्याची जाण आहेच. पण केवढा डोलारा त्यांच्या कोडवर उभा आहे! मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' हा ११ ओळींचा कोड एनपीएम या कोडच्या भांडारातून काढून घेतला गेला आणि जगभर बिल्ड अडकले. जपायचं ठरवलं तर जपता येतं. कर्नलमधल्या बदलानं वापरणाऱ्याचा चालू प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा लिनक्समध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचा दंडक आहे. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. त्रास झालाच, पण तयारीला अकरा वर्षं मिळाली.

४ : एक्सेलच्या लायब्ररीची प्रत घेऊन आम्हीच दुरुस्त केली, दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडेही पाठवली.

६:३० : अहवाल गेले. उत्पादकाला फॅटची नोंद मोबाईलवर दिसावी, हे आजचं खरं काम तसंच राहिलं.

लायब्ररी सांभाळणाऱ्यांना विनंती आहे, सुरक्षेची दुरुस्ती स्वतंत्र द्या, तिच्यात दुसरे बदल मिसळू नका. आणि जुनं फंक्शन काढण्याआधी निदान एक मोठी आवृत्ती जाईपर्यंत तसा इशारा देत राहा.