महासाथ, वसतिगृह आणि फुटबॉलचा हंगाम

ऑगस्ट महिना लागला की अमेरिकेतील लहान लहान गावांतल्या कॉलेजांची मैदाने जागी होतात. वर्ग सुरू होण्याच्या आधीच फुटबॉल संघातील मुले वसतिगृहात दाखल होतात, भर उन्हात सराव चालतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर दर शनिवारी सामना असतो. गावातील दुकानदारापासून निवृत्त मास्तरांपर्यंत सगळे सामन्याला हजर. २०२० साली हा क्रम मोडला. मार्चमध्ये कोरोनामुळे घरी पाठविलेल्या मुलांना कॉलेजात परत बोलवावे काय आणि बोलावले तर हंगाम खेळवावा काय, या दोन प्रश्नांनी त्या उन्हाळ्यात शेकडो कॉलेजांच्या प्राचार्यांची झोप उडविली होती.

हा विषय खेळाच्या पानावरचा, तो आरोग्याच्या सदरात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु साथीचा रोग माणसांच्या राहणीतून कसा वाट काढतो आणि तरुण, धडधाकट मुलांनाही त्यापासून काय धोका असतो, हे समजून घेण्यासाठी इतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम खेळाविषयी थोडे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पुढे न्यायचा असतो. दोन्ही संघांचे अकरा-अकरा गडी असतात आणि आघाडीच्या फळीतील धिप्पाड खेळाडू हातभर अंतरावर, तोंडासमोर तोंड आणून वाकून उभे राहतात. इशारा होताच ते एकमेकांवर आदळतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याला सगळे मिळून दाबून धरतात, तसाच हा प्रकार एका सामन्यात शंभरावर वेळा होतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोराच्या श्रमात तरुण खेळाडूत हेच प्रमाण १०० लिटरच्याही पुढे जाते. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ कोणता असणार, असेच सर्वांना वाटले आणि तसे वाटणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात निष्पन्न झाले ते वेगळेच. तेथील व्यावसायिक फुटबॉल संघांनी २०२० च्या हंगामात खेळाडूंच्या रोज चाचण्या केल्या आणि कोण कोणाजवळ किती वेळ होता याची उपकरणांद्वारे नोंद ठेवली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. संसर्गाच्या दृष्टीने धोक्याच्या जागा म्हणून त्यात पुढे आल्या त्या बंद खोलीतील बैठका, एकत्र जेवण आणि एकाच गाडीतून केलेला प्रवास. मोकळ्या हवेत श्वासातील सूक्ष्म कण पांगतात आणि दोन खेळाडूंची प्रत्येक झटापट काही सेकंदांचीच असते. बंद बसमध्ये मात्र तीच हवा चाळीस-पन्नास जण तासन्‌तास घेत असतात. कपडे बदलण्याच्या खोलीचेही तसेच.

म्हणजे सामन्यातील दोन-तीन तासांपेक्षा आठवड्यातील उरलेला वेळच अधिक घातक होता. आणि तो वेळ मुले काढत होती वसतिगृहात.

कॉलेज उघडण्याचा प्रश्न येथेच खेळाशी जोडला जातो. आपल्याकडे महाराष्ट्रातील महाविद्यालये मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती १५ फेब्रुवारी २०२१ रोजी निम्म्या उपस्थितीने उघडली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद करावी लागली. तरी आपली बहुसंख्य मुले घरून कॉलेजला जातात. अमेरिकेतील लहान कॉलेजात मुलगा तेथेच राहतो, तेथेच जेवतो, एका खोलीत दोघे आणि एका न्हाणीघरात अनेक. खोलीत राहणारा जोडीदार बाधित झाला तर तोंडावर मुसके बांधून झोपणार कसे? नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठाने १० ऑगस्ट २०२० रोजी वर्ग सुरू केले आणि वसतिगृहांत रुग्णांचे गट आढळल्यामुळे आठवडाभरातच पदवीचे वर्ग ऑनलाइन नेले. हे तर मोठे, साधनसंपन्न विद्यापीठ. लहानांची अवस्था काय असेल याची कल्पना यावी.

लहान कॉलेजांची दुहेरी कोंडी

तेथील कॉलेज खेळांचा कारभार एन.सी.ए.ए. ही संस्था पाहते. तिने कॉलेजांचे तीन विभाग केले आहेत. पहिल्या विभागात मोठी विद्यापीठे, दूरदर्शन प्रक्षेपणाचा अमाप पैसा आणि लाखभर प्रेक्षकांची मैदाने. तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक लहान कॉलेजे असून त्यातील अडीचशेच्या जवळपास फुटबॉल खेळतात. या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. मुलगा स्वतःची फी भरून शिकतो आणि हौसेने खेळतो.

वरवर पाहता हे फार निर्मळ वाटते. पण फुटबॉल संघात शंभर मुले असतात. हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात ती एकूण संख्येच्या एक दशांश झाली. फुटबॉल आहे म्हणून ही मुले त्या आडगावी येतात. हंगाम नाही असे जाहीर केले आणि त्यातील तीस-चाळीस जणांनी वर्षभर घरी बसायचे ठरविले, तर कॉलेजचे अंदाजपत्रक कोसळते. ही भीती काल्पनिक नव्हती. इलिनॉय राज्यातील मॅकमरे कॉलेज १८४६ साली स्थापन झालेले, स्वतःचा फुटबॉल संघ असलेले. आधीच कर्जात असलेल्या या कॉलेजने मार्च २०२० मध्ये कायमचे बंद होत असल्याचे जाहीर केले.

दुसरी बाजू चाचण्यांची. जुलै २०२० मध्ये एन.सी.ए.ए.ने मार्गदर्शक सूचना दिल्या. फुटबॉलसारख्या निकट संपर्काच्या खेळात सामन्यापूर्वी ७२ तासांच्या आत चाचणी हवी आणि बाधिताच्या निकट संपर्कात आलेल्यांना १४ दिवस वेगळे ठेवावे, असे त्यात होते. सरकारी विमा योजना त्या काळी प्रयोगशाळेतील एका चाचणीला १०० डॉलर देत असे. त्या दराने शंभर मुलांची एक फेरी म्हणजे १०,००० डॉलर आणि दहा सामन्यांच्या हंगामाला १ लाख डॉलर. शिवाय त्या जुलैमध्ये अनेक ठिकाणी अहवाल यायला आठवडा लागत होता. ७२ तासांच्या चाचणीचा अहवाल सामना संपल्यावर हाती आला तर त्याचा उपयोग काय?

चाचणीची आणखी एक मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. विषाणूचा शिरकाव झाल्यावर सुरुवातीचे दोन-तीन दिवस चाचणीत काहीच दिसत नाही, आणि लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून तो माणूस इतरांना रोग देऊ शकतो. बुधवारी निर्दोष ठरलेला मुलगा शनिवारी संसर्ग पसरवीत असू शकतो. पहिल्या विभागातील बिग टेन या श्रीमंत संघटनेने ऑगस्टमध्ये हंगाम पुढे ढकलला आणि सप्टेंबरमध्ये निर्णय फिरविला, तो रोज जलद चाचणी करण्याच्या अटीवर. रोजच्या चाचणीने ही फट बरीच बुजते. परंतु हा खर्च लहान कॉलेजाच्या आवाक्याबाहेरचा.

जे आधी थांबले

अटलांटातील मोरहाऊस हे कृष्णवर्णीय तरुणांसाठीचे नामांकित कॉलेज, दुसऱ्या विभागातील. त्याचे तत्कालीन अध्यक्ष डेव्हिड थॉमस यांनी २६ जून २०२० रोजीच फुटबॉल हंगाम रद्द केला आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या चालू राहतील अशी हमी दिली. मेन राज्यातील बोडन कॉलेजने त्याआधी चार दिवस प्रामुख्याने पहिल्या वर्षाच्याच मुलांना वसतिगृहात बोलावण्याचे ठरवून शरद ऋतूतील खेळ बंद केले. बोडन, विल्यम्स, ॲमहर्स्ट आदी अकरा कॉलेजांच्या संघटनेने १० जुलैला तोच मार्ग धरला. अखेर ५ ऑगस्टला दुसऱ्या व तिसऱ्या विभागाने शरद ऋतूतील राष्ट्रीय स्पर्धाच रद्द केल्या. तिसऱ्या विभागाचा अंतिम सामना, ज्याला स्टॅग बाऊल म्हणतात, त्या वर्षी झाला नाही.

माझ्या मते लवकर ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी मुलांवर उपकारच केले. निर्णय लोंबकळत ठेवणाऱ्या कॉलेजात मुले महिनाभर घाम गाळीत राहिली, आणि मग नाही ते नाहीच. काही ठिकाणी तर सामने रद्द, पण सराव चालू आणि मुले वसतिगृहात, असा मधला मार्ग काढला गेला. यात फी जमा होते, मात्र जेवणघर, बैठका आणि खोल्या हा धोक्याचा भाग जसाच्या तसा राहतो. आरोग्याच्या दृष्टीने याला अर्धी खबरदारी म्हणणेही कठीण आहे.

हंगाम रद्द झाल्याने सर्व धोका टळला असेही नाही. पेनसिल्व्हानिया राज्यात कॅलिफोर्निया याच नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील विद्यापीठाच्या संघातील आघाडीच्या फळीतला एक २० वर्षांचा खेळाडू सप्टेंबर २०२० मध्ये दगावला. सामने आधीच रद्द झाले होते, वर्गही ऑनलाइन होते. त्याला कोरोना व न्यूमोनिया झाला आणि पुढे हृदयात रक्ताची गुठळी झाली, असे त्याच्या आईने सांगितले. खेळाडू म्हणजे निरोगी, हा आपला समज या खेळात सावधपणे घ्यावा लागतो. आघाडीच्या फळीतील मुले मुद्दाम वजन वाढवितात. सव्वाशे-दीडशे किलोचा मुलगा चपळ आणि ताकदवान असला तरी अतिवजनामुळे कोरोनात वाढणारा धोका त्याच्या ताकदीमुळे नाहीसा होत नाही.

हृदयाचा प्रश्न

त्या उन्हाळ्यात सर्वाधिक घबराट झाली ती हृदयस्नायूच्या दाहामुळे. विषाणूजन्य आजारात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. त्या अवस्थेत जोराचा व्यायाम केला तर ठोके अनियमित होऊन खेळाडू मैदानावरच कोसळू शकतो. कोरोनाच्या आधीपासून डॉक्टरांना हे ठाऊक होते. सप्टेंबर २०२० मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातील डॉक्टरांनी कोरोनातून उठलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाची एम.आर.आय. तपासणी प्रसिद्ध केली. कोणालाही रुग्णालयात ठेवावे लागले नव्हते, तरी चौघांत अशा दाहाची चिन्हे आढळली. म्हणजे शंभरात पंधरा! वृत्तपत्रांचे मथळे भरून गेले.

परंतु २६ ही संख्या फार लहान. २०२१ मध्ये मोठ्या पाहण्या हाती आल्या. बिग टेनच्या १५९७ खेळाडूंत ३७ जणांना, म्हणजे २.३ टक्क्यांना दाह आढळला. तेथे सर्वांचे एम.आर.आय. केले होते आणि या ३७ पैकी बहुतेकांना छातीची कसलीही तक्रार नव्हती. ४२ कॉलेजांतील ३०१८ खेळाडूंच्या दुसऱ्या पाहणीत हृदयावर निश्चित वा संभाव्य परिणाम २१ जणांत, म्हणजे ०.७ टक्के इतकाच दिसला. जितक्या बारकाईने शोधावे तितके अधिक सापडते, हे या आकड्यांतील फरकाचे एक कारण आहे. पहिली भीती अवास्तव मोठी ठरली. पण ज्या वेळी निर्णय घ्यायचा होता त्या वेळी हे आकडे कोणापाशीही नव्हते, हेही विसरता येत नाही.

आपल्या घरातील कबड्डी, कुस्ती वा क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्या दृष्टीने यातून हाती लागते ते असे. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सल्ला सुधारला. कोरोना होऊनही लक्षणे नसतील तर तीन दिवस व्यायाम टाळावा. सौम्य ताप-खोकला असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे आणि मग हळूहळू सराव वाढवावा. सरसकट सर्वांच्या हृदयाच्या तपासण्या करण्याची गरज नाही. मात्र छातीत दुखणे, धाप लागणे, धडधडणे किंवा चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही झाले, तर ईसीजी, इको आणि रक्तातील ट्रोपोनिन या तीन तपासण्या झाल्याशिवाय मैदानात उतरू नये. दाहाचे निदान झालेच तर तीन ते सहा महिने खेळ पूर्ण बंद. मुलगा “आता मला काही होत नाही” म्हणत असला तरीही.

अंगात ताप असताना धावण्याचा सराव करून ‘घाम काढून ताप उतरविण्याची’ पद्धत आपल्या तालमींतून आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांत अजून दिसते. ती कोरोनातच नव्हे, कोणत्याही विषाणूजन्य तापात धोक्याची आहे. दीर्घ सुटीनंतर एकदम पूर्ण जोराने सराव करण्याचेही तसेच. चार-पाच महिने घरी बसलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात उन्हात पळविले तर उष्माघात होतो, किंवा स्नायू फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. अशा वेळी लघवी काळ्या चहासारखी होते. ती तशी दिसली तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.