आळंदीची शाळा आणि कामकरी आईबाप

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत राबणारा कामगार बहुधा मराठवाड्यातून, विदर्भातून वा खानदेशातून आलेला असतो. गावी त्याच्या मुलावर आजीआजोबांची नजर होती, सायंकाळी देवळात हरिपाठ होता, वर्षाकाठी सप्ताह होता. येथे एका खोलीचे बिऱ्हाड, बाप रात्रपाळीस आणि आई दिवसपाळीस. मूल शाळेतून परतते तेव्हा दारास कुलूप असते. आपल्या लेकराला विद्येबरोबर वळण लावील असा माणसांचा मेळा कोठे मिळेल, हा प्रश्न अशा घरात निघाला म्हणजे वारकरी आईबापांची दृष्टी साहजिकच जवळच्या आळंदीकडे वळते.

आळंदीचा हा लौकिक पोकळ नव्हे. 1917 साली विष्णुबुवा जोग यांनी तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. कीर्तन-प्रवचनाची विद्या तोवर मुख्यतः गुरुमुखातून व फडाफडांतून चालत आली होती. ती इच्छुक विद्यार्थ्यास क्रमवार अभ्यासाने मिळावी, हा त्यांचा हेतू होता. अभ्यासक्रम चार वर्षांचा ठरला. ज्ञानेश्वरी, गाथा व गीता यांचे पठण आणि अर्थविवरण, त्याबरोबर गायन व मृदंग. विद्यार्थी माधुकरी मागून जेवीत, म्हणजे साऱ्या गावानेच त्यांच्या पोषणाचा भार उचलला. जोगमहाराजांचे शिष्य शंकर वामन दांडेकर पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि वारकरी कीर्तनकार एकाच देहात सुखाने नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

तथापि येथे एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. त्या मूळ संस्थेचा अभ्यास हा आपण होऊन परमार्थाची वाट धरणाऱ्याचा अभ्यास होय. आज आळंदीत जी अनेक लहानमोठी खासगी वसतिगृहे आहेत, त्यांत आठ-दहा वर्षांची मुलेही राहतात. पहाटे काकडा, दिवसा नेहमीची शाळा, सायंकाळी पाठांतर व पखवाज, असा पुष्कळ ठिकाणचा क्रम असतो. जेथे तो नीट चालतो तेथे मुलाचा लाभ मोठा आहे. त्याचे पाठांतर पक्के होते, गळा तयार होतो, मोठी मुले धाकट्यांस शिकवितात, आणि शेकडो लोकांपुढे उभे राहण्याची भीड चेपते.

परंतु दुसरी बाजू झाकून चालणार नाही. अलीकडच्या वर्षांत आळंदीतील काही खासगी संस्थांत मुलांवर अत्याचार झाल्याचे गुन्हे नोंदले गेले, आणि 2025 साली अशा संस्थांच्या तपासणीचा प्रश्न शासनापुढे आला. या अनर्थास श्रद्धा कारण नाही. श्रद्धेपोटी पाळलेले मौन कारण आहे. महाराजांस प्रश्न विचारणे म्हणजे अपराध, असे बापास वाटते. आणि बापच विचारीत नाही तेथे मुलाने कोणाजवळ बोलावे?

म्हणून मूल ठेवण्यापूर्वी काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. संस्थेची शासनदरबारी नोंद आहे काय? रात्री मुलांजवळ कोण असते? आईबापांना पूर्वसूचना न देता केव्हाही येता येते काय, आणि मुलाला घरी एकांतात बोलता येते काय? चालक कोणा समितीस जबाबदार आहे, की त्याचाच शब्द अखेरचा? मुलाचे नाव नेहमीच्या शाळेच्या पटावर आहे ना, हेही पाहावे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस 2009 च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क दिला खरा. परंतु 2012 च्या दुरुस्तीने मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. तेव्हा ही दक्षता पालकानेच घ्यावयाची. शंका आली तर 1098 या क्रमांकावर बालकांसाठी साहाय्य मिळते. लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांस न कळविणे हा 2012 च्या पोक्सो कायद्यान्वये गुन्हा आहे. संस्थेची अब्रू राखण्याची सबब तेथे चालत नाही.

आणखी एक मार्ग आहे. भोसरी, मोशी, चाकण या भागांत गावोगावी भजनी मंडळे आहेत, सप्ताह होतात. तेथे मूल आईबापांच्या मांडीशी बसून टाळ धरते आणि रात्री आपल्या घरी निजते. लहान वयात एवढे पुष्कळांस पुरेसे होते. पुढे मोठेपणी त्याने स्वतः आळंदीस जावयाचे म्हटले, तर अवश्य जाऊ द्यावे. आणि ज्यांनी मूल आधीच तेथे ठेवले आहे, त्यांनी सुटीच्या दिवशी, न कळविता, भेटीस जावे. समाधीचे दर्शन घ्यावे, मग मुलाला इंद्रायणीच्या घाटावर घेऊन बसावे आणि ते काय सांगते, ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.