“मनापासून केलंच नसन!”: आजारपण, प्रार्थना आणि घरच्यांवरचा आळ

बोरी अरबसारख्या गावात कुणाच्या घरी मोठं आजारपण शिरलं की दोन याद्या एकदमच तयार होतात. एक डॉक्टरांची: रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालय आणि तिथं भागलं नाही तर सेवाग्राम किंवा नागपूर. दुसरी गावाची: शेगावला नवस, धामणगाव देवला मुंगसाजी माउलींचं दर्शन, ‘गजानन विजय’चं पारायण, दर्ग्यावर चादर. घरचे दोन्ही याद्या घेऊन धावत असतात आणि त्यात गैर काहीच नाही. माझं भांडण आहे ते नंतरच्या एका वाक्याशी. रुग्ण वाचला नाही, तर तेरवीची पंगत उठायच्या आत कुणीतरी कुजबुजतं, “तिनं मनापासून केलंच नसन बाप्पा!”

ही ‘ती’ बहुतेक वेळा बायको किंवा सून असते. म्हणजे जिनं महिनोन्महिने दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून रात्री काढल्या, तीच. पारायणात खंड पडला, उपास मोडला, पाळी असताना देवघराला हात लागला, अशी कारणं तिच्याभोवती गोळा केली जातात. म्हणून या समजाचा समाचार आधी आणि सविस्तर.

गैरसमज: श्रद्धा खरी असेल तर रुग्ण उठतोच, नाही उठला तर घरच्यांचं काही चुकलं.

वस्तुस्थिती: लांब कशाला जायचं? सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावोगावी नेली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांनाच कर्करोगानं गाठलं. शक्य ते सगळे उपचार झाले, तरी 11 ऑक्टोबर 1968 रोजी, वयाच्या 59व्या वर्षी, गुरुकुंज मोझरीत ते गेले. त्यांची श्रद्धा कमी पडली, असं म्हणायची हिंमत बोरीत किंवा दारव्ह्यात कुणाची आहे? रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग होता. शिष्यांनी त्यांना डॉक्टरी उपचारांसाठी दक्षिणेश्वरहून कोलकात्यात आणलं आणि 1886 मध्ये त्यांचा देहान्त झाला. रमण महर्षींच्या हातावरच्या गाठीवर अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या. 1950 मध्ये तेही गेले. संतांना जो नियम लागू झाला नाही, तो सुनेला कुठून लागू झाला?

“पण आमच्या पाहण्यातला माणूस नवसानं उठला,” असं यावर हमखास ऐकू येतं. उठला असेल. पण नवस फेडायला येतो तो बरा झालेला माणूस किंवा त्याचं घर. ज्यांचा नवस फळला नाही, ते नारळ घेऊन परत येत नाहीत, म्हणून ते आपल्या हिशेबात धरलेच जात नाहीत. शिवाय बऱ्या झालेल्या माणसाची फाइल उघडून पाहा. त्यात शस्त्रक्रिया असते, केमोथेरपी असते, महिनाभराची इंजेक्शनं असतात. पंगतीत बसून सांगताना ती गळतात आणि नवस तेवढा उरतो.

ज्यांना एवढ्यानं पटत नाही, त्यांच्यासाठी आकडे. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाची बायपास झालेल्या 1,802 रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2006 मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये छापला. त्यासाठी मुख्यतः पैसा दिला होता टेम्पल्टन फाउंडेशननं. ही संस्था धर्म आणि विज्ञान यांचा मेळ शोधणारी आहे, तेव्हा हे नास्तिकांचं कारस्थान म्हणून उडवून लावता येत नाही. एका गटासाठी अनोळखी भाविकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. आपण कोणत्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना ठाऊक नव्हतं. गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51 टक्के. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणारच’ असं आधी सांगितलं होतं. त्यांच्यात ते 59 टक्के निघालं. तो योगायोग असू शकतो किंवा ‘माझं इतकं गंभीर आहे का’ या धास्तीचाही परिणाम असू शकतो. अशा 10 अभ्यासांचा, एकूण 7,646 रुग्णांचा, आढावा कॉक्रेन या संस्थेनं 2009 मध्ये घेतला. प्रार्थनेनं आजार बरा होतो असं म्हणण्याजोगा आधार त्यांना मिळाला नाही.

“ती परक्यांची प्रार्थना, घरच्यांची नव्हे,” हा आक्षेप रास्त आहे. घरच्यांना ‘तुम्ही प्रार्थना करू नका’ असं कोणताही अभ्यास सांगू शकत नाही. तिन्ही गटांतल्या रुग्णांसाठी त्यांची माणसं देवाला हात जोडतच असणार. पण मग घरच्यांची प्रार्थना कमी पडली की जास्त झाली, हे मोजणारा काटा गावातल्या कुजबुजणाऱ्यांकडे तरी कुठून आला? ज्या गोष्टीचं मापच नाही, तिच्यावरून आळ कसा घालता?

रोग कोणत्या टप्प्यावर सापडला, कुठं पसरला, औषधाला दाद देतो की नाही, पैसा आणि दवाखाना वेळेत मिळाला का, यावर निकाल ठरतो. पारायणाचे अध्याय त्या हिशेबात येत नाहीत. पाळी तर मुळीच येत नाही.

उलट बाजूचा गैरसमज: मग प्रार्थना म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

वस्तुस्थिती: हेही खरं नाही. रोगाच्या गाठीवर नसला, तरी जप करणाऱ्याच्या शरीरावर परिणाम होतो. इटलीत 23 निरोगी माणसांवर केलेला एक छोटा अभ्यास 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. जपमाळेवरची ख्रिस्ती प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगलं काम करू लागली. रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर बसलेल्या माणसाला एवढा आधार पुष्कळ असतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला चार माणसं जमतात, विचारपूस करतात, डबा पोचवतात, हा लाभ वेगळाच. प्रार्थना रुग्णाजवळ बसणाऱ्याला उभं ठेवते. तिच्याकडून इतकीच अपेक्षा धरली, तर ती कुणाला दगा देत नाही.

आता बाकीचे समज, थोडक्यात.

“देवाचं सुरू केलं की औषध बंद करावं.” हे देवस्थानांनाही मान्य नाही. शिर्डी संस्थान स्वतः मोठी रुग्णालयं चालवतं, शेगाव संस्थान रुग्णसेवा करतं.

“घरच्यांनी कडक उपास केला तर रुग्णाला बळ मिळतं.” मिळतो तो सांभाळणाऱ्याला अशक्तपणा. 1999 च्या एका अमेरिकी अभ्यासात आजारी जोडीदाराचं करताना ताणाखाली असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूची जोखीम चार वर्षांत 63 टक्के जास्त आढळली. इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता केलेला उपास तर थेट जिवावर बेततो.

“अंगारा पाण्यातून पाजल्यानं काय बिघडतं?” केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि साधा जंतूही भारी पडतो. अंगारा कपाळाला लावा, पोटात देऊ नका.

“काविळीची माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली.” माळेतल्या काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांबते. ती कुणाच्याही गळ्यात लांबेल. साधी कावीळ काही आठवड्यांत आपोआप उतरते. जी उतरत नाही, तिच्या तपासणीला या माळेपायी उशीर होतो.

“साप चावला तर आधी मांत्रिक.” आधी दवाखाना. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. आणि हो, पूजा, भजन, कीर्तन, वारी यांना हा कायदा हातही लावत नाही.

“आजार हे मागच्या जन्मीचं पाप.” कुष्ठरोगाबद्दल हेच म्हणत होते; त्याचा जंतू हॅन्सननं 1873 मध्येच दाखवला. तोंडाच्या कर्करोगाचं मोठं कारण याच जन्मातल्या खर्ऱ्याच्या पुडीत असतं.

“वेदना कमी करायचं बोलले, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.” फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरचा 2010 चा अभ्यास सांगतो की, सुरुवातीपासून अशी वेदनाशामक सेवा मिळालेले रुग्ण सरासरी 11.6 महिने जगले, बाकीचे 8.9 महिने.

आजारी घराला भेटायला जाल, तेव्हा पारायण कुठवर आलं हे विचारू नका. फुले जन आरोग्य योजनेत नाव लागलं का, हे विचारा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे तुम्हीच जा. एखादी रात्र रुग्णाजवळ थांबा, म्हणजे त्या बाईला चार तास झोप मिळेल. आणि माणूस गेलाच, तर तेरवीला जेवा, तिच्याजवळ दोन मिनिटं बसा आणि “तू सगळं केलंस” एवढं म्हणा. ते खरंच असतं.