उधारी कोणाच्या मशीनवर?

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या ज्या कृषी केंद्राची खाती मी लिहितो, त्याचा सगळा हिशोब एका संगणकात होता. टॅली, तेही एका वेळी एकानेच वापरायचं. व्हॅटच्या काळात बसवलेलं, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा अद्ययावत केलेलं. अडलं ते मालेगावला दुसरं दुकान काढल्यावर. तिथली दिवसाची बिलं रात्री पेनड्राइव्हवर यायची. पेरणीच्या धांदलीत एखादी रात्र हुकली की मालेगावात विकलेलं बियाणं इथे शिल्लकच दिसायचं. शेतकरी तर दोन्ही दुकानांतून उधार उचलायचा.

दुकानाचे मालक शेठजी म्हणाले, सॉफ्टवेअरच बदलू. त्यांचा मुलगा म्हणाला, आहे तेच क्लाउडवर ठेवू. माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बॅच नंबर, औषधाची मुदत, कीटकनाशकाला 18 टक्के, खताला 5, पेरणीच्या बियाण्याला शून्य, हे जमत नसेल तर सॉफ्टवेअर बदला. ते सगळं नीट होत असेल आणि अडचण फक्त दोन गावांतून एकदम काम करण्याची असेल, तर सॉफ्टवेअर राहू द्या, त्याची जागा बदला. आमची अडचण दुसरी होती.

असं क्लाउडवर ठेवणं म्हणजे होस्टिंग. त्यात सॉफ्टवेअर आणि डेटा दूरच्या डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या मशीनवर राहतो, दुकानात फक्त पडदा आणि कीबोर्ड. परवाना मात्र अनेकांनी वापरायचा घ्यावा लागतो. तो खर्च वेगळा, दरमहाचं भाडं वेगळं. लाईट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाईलचं हॉटस्पॉट, दोन्ही गेलं तर छापील बिलबुक. ते आजही गल्ल्याजवळच असतं. खरा छळ केला प्रिंटरने. मशीन तिकडे, जुना डॉट मॅट्रिक्स इकडे, आणि बिल अर्धंच छापून यायचं. विकायला येणारा माणूस हे आधी सांगत नाही.

"माही उधारी परक्याच्या मशीनवर कायले ठेवू?" शेठजींची ही शंका मला रास्त वाटली. कंपन्यांना हिशोबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावी लागते, आणि 1 एप्रिल 2023 पासून कोणती नोंद कधी बदलली याचा माग ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं. आमचं दुकान एकट्या मालकाचं, त्याला हे नियम लागू नाहीत. तरी होस्टिंगवाल्यांना भाव विचारताना मी तेच प्रश्न पुढे केले: मशीन कुठे आहे, प्रत रोज निघते का, आणि उद्या आम्ही सोडून गेलो तर पूर्ण डेटा आमच्या डिस्कवर मिळेल का? तिसऱ्यावर जो अडखळला, त्याला चहा पाजून निरोप दिला.

आमच्या गावावरून जाणाऱ्या अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेजची ब्रॉडगेज करताना रेल्वेला गाड्या थांबवता आल्या. आम्हाला जूनमध्ये शटर पाडता येत नाही. म्हणून क्लाउडवर जायला मुहूर्त धरला 1 एप्रिलचा, आणि जुन्या सगळ्या नोंदी न ओढता फक्त 31 मार्चच्या बाकी नेल्या. वेळ खाल्ला तो उधारीने. एकाच नावाचे दोघे-तिघे, कोणी मेडशीचा, कोणी किन्हीराजाचा. बापाचं खातं मुलाने चालवलेलं. प्रत्येक नावापुढे गाव आणि मोबाईल नंबर लावला, मगच तेरीज जुळवली. गावोगावच्या सेवा सोसायट्यांतही हेच काम निघालं. केंद्र सरकारने जून 2022 मध्ये 2,516 कोटींची योजना मंजूर करून 63,000 सोसायट्या एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं ठरवलं. पण सभासदांच्या जुन्या बाकी तपासून भरायला शेवटी गटसचिवच बसला.

जुना संगणक विकायचा नाही असं मी बजावलं. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जीएसटीचे हिशोब जपावे लागतात. शेठजी आता त्यावर पत्ते खेळतात, म्हणून त्यातली प्रत मी आधीच वेगळ्या डिस्कवर काढून घेतली.