पुळणीवरचं काटेरी गवत

आम्ही फोंडाघाटची माणसं गवताची किंमत गुरांवरून करतो. पावसाळा सरला की डोंगरउतारावर कापायचं, भारे बांधायचे, उडवी रचायची. गुरं तोंड लावत नाहीत ते गवत फुकट.

देवबागला माझ्या आतेच्या घरामागे असंच एक फुकट गवत आहे. ताठ, सुरळी झालेली पानं, टोक पायात गेलं तर रक्त काढणारं. मी विळा मागितला तशी आते म्हणाली, “ह्यां काढलंस तर रेव पडवीत येतली.” अख्खं वनस्पतिशास्त्र तिने एका वाक्यात सांगितलं.

याचं शास्त्रीय नाव स्पायनिफेक्स लिटोरियस. तमिळनाडूत याला रावणाच्या मिशा म्हणतात. नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला काट्यांचा मोठा गोळा धरतो. पिकला की तुटून वाऱ्याबरोबर पुळणीवर लोळत सुटतो आणि वाटेत बी सांडत जातो.

खरी करामत मात्र आडव्या धावणाऱ्या खोडाची. वारा वाळू घेऊन येतो, गवतात शिरला की त्याचा जोर मोडतो आणि वाळू तिथेच पडते. दुसरं झाड गाडलं जाऊन मेलं असतं. हे वर चढतं आणि पेरापेराला नवी मुळं सोडतं. जोडीला मर्यादवेल असतेच. अशी वाळूची टेकडी उभी राहते. पावसाळ्यात उधाण तिचा लचका तोडतं, पुढच्या उघडिपीत समुद्र वाळू परत टाकतो, गवत ती पुन्हा अडवतं. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा ढासळला तर नवं टेंडर काढावं लागतं!

हे गवत आपल्याकडे अजून दुर्मीळ नाही, पण कायम राहीलच असंही नाही. अमेरिकेत 1869 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वाळू थोपवायला युरोपातलं गवत आणून लावलं. ते किनाराभर पसरलं आणि तिथलं मूळचं वाळूगवत मागे हटलं. आपण बाहेरून आणलेल्या सुरूची बनं लावली. सावली छान, पण त्या पालापाचोळ्याच्या थरातून फारसं काही वर येत नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र याच गवताचं भावंड गावकरी हाताने लावून टेकड्या पुन्हा उभ्या करतात.

2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. तरी ‘बीच साफ’ करताना पहिला घाव या गवतावरच पडतो. तारकर्ली-देवबागला गेलात तर टेकडी तुडवू नका, पडलेल्या वाटेनेच समुद्राकडे उतरा. आणि पायात चप्पल असू द्या.