देहदानाला कॅथलिक ख्रिस्तसभेची संमती

मृत्यूनंतर आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यास कॅथलिक ख्रिस्तसभेची मनाई नाही. तरीही देहदानाचा विषय निघाला की कॅथलिक घरात पहिला प्रश्न येतो तो ‘आपल्यात हे चालतं का?’ हाच. दफनाची शतकांची परंपरा, अखेरच्या दिवशी देहासह पुनरुत्थान होईल ही श्रद्धा आणि दफनभूमीतली घरच्या माणसांची कबर, या सगळ्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. पनवेल परिसरात तर हा प्रश्न केव्हाही दारात येऊ शकतो. कामोठ्याचे एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय पनवेल महापालिकेच्याच हद्दीत आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आहे आणि रायगड जिल्ह्यासाठी आता अलिबागला शासकीय महाविद्यालयही आहे. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकायला मानवी देह लागतो.

‘चर्चने शवविच्छेदनावर बंदी घातली होती’ हा समज फार जुना आहे आणि त्याचे मूळ एका आज्ञापत्राच्या चुकीच्या वाचनात आहे. मध्ययुगात परमुलखात मेलेल्या सरदारांचे आणि क्रुसेडरांचे देह तोडून, उकळून, मांस वेगळे करून नुसती हाडे मायदेशी नेण्याची रीत होती. पोप आठवे बोनिफेस यांनी १२९९ साली या प्रकाराला मनाई केली. ती वैद्यकीय अभ्यासाविरुद्ध नव्हती. त्यानंतर दोन दशकेही उलटली नव्हती, तेव्हा इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात मोन्दिनो हे अध्यापक विद्यार्थ्यांसमोर शवविच्छेदन करत होते. अठराव्या शतकात पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तर याच शहरात शरीररचनेच्या अभ्यासाला उघड पाठबळ दिले आणि मेणाच्या शारीर प्रतिकृती करवून घेतल्या.

स्वतःचा देह देऊ करण्याचे एक उदाहरण खुद्द एका संताच्या चरित्रात आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस दि सेल्स पादुआला कायद्याचे शिक्षण घेत होते. तिथे ते इतके आजारी पडले की वाचण्याची आशा उरली नाही. वैद्यकीचे विद्यार्थी तेव्हा विच्छेदनासाठी कबरी उकरून प्रेते पळवत आणि त्यावरून मृतांच्या नातलगांशी त्यांच्या हाणामाऱ्या होत. आपण गेलो तर आपला देह या विद्यार्थ्यांना द्यावा, जिवंतपणी कुणाच्या फारसे कामी आलो नाही, निदान मेल्यावर यावे, असे या तरुणाने आपल्या शिक्षकांना सांगितले. ते बरे झाले, पुढे जिनिव्हाचे बिशप झाले आणि १६६५ साली संतपदाला पोहोचले. नागपूरचे कॅथेड्रल त्यांच्याच नावाचे आहे. कॅथलिक घरात देहदानाची बाजू मांडायची असेल तर या प्रसंगाइतका भक्कम आधार शोधूनही सापडणार नाही.

पुनरुत्थानाची शंका मात्र नीट समजून घ्यायला हवी. पुनरुत्थान ही देवाची कृती आहे, कबरीत देह किती शाबूत राहिला यावर ती अवलंबून नाही, ही शिकवण आरंभीच्या शतकांपासूनची आहे. कितीतरी हुतात्मे श्वापदांच्या तोंडी गेले, आगीत जळाले. त्यांना कबर मिळाली नाही म्हणून त्यांचे काही बिघडले नाही, असे संत ऑगस्टिन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. शेजारच्या गोव्यातही याची साक्ष मिळते. संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह जुन्या गोव्यात आहे, पण त्यांचा उजवा हात १६१४ सालीच रोमला नेण्यात आला. म्हणून या संताचे पुनरुत्थान अपुरे राहील असे कोणताही भाविक मानत नाही. दहनाची मुभाही ख्रिस्तसभेने १९६३ साली दिली. दहनाने पुनरुत्थानाला बाध येत नसेल, तर विच्छेदनानेही येत नाही.

मात्र ऑगस्टिन यांनीच दुसरी बाजूही सांगितली आहे: देह हा पवित्र आत्म्याचे साधन होता, म्हणून त्याची हेळसांड करता येत नाही. आजच्या शिकवणीतल्या अटी याच विचारातून येतात. पोप बारावे पायस यांनी १४ मे १९५६ रोजी नेत्रदात्यांसमोर आणि नेत्रतज्ज्ञांसमोर केलेल्या भाषणात त्या स्पष्ट झाल्या. मृतदेह ही नुसती वस्तू नव्हे, पण उपचार आणि विज्ञान यांसाठी तो देणे गैर नाही. दान स्वेच्छेने असावे, ते कुणाचे कर्तव्य ठरवू नये आणि नातलगांच्या भावना डावलू नयेत. सार्वजनिक रुग्णालयांतल्या गरिबांचे देह तेवढे विच्छेदनाला जावेत आणि सुस्थितीतल्यांचे जाऊ नयेत, हा भेदही त्यांना मान्य नव्हता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅटेकिझम’ या धर्मशिकवणीच्या ग्रंथातला २३०१ वा परिच्छेद वैज्ञानिक संशोधनासाठीचे शवविच्छेदन मान्य करतो आणि मरणोत्तर अवयवदानाला पुण्यप्रद म्हणतो.

गरिबांच्या देहांचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष लागू पडतो. इथला शरीररचनाशास्त्र कायदा १९४९ सालचा. बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना मिळावेत हा त्याचा मूळ उद्देश. पुढे स्वेच्छेने दिलेल्या देहांची तरतूदही त्यात आली. बेवारस म्हणजे बहुधा फुटपाथवर, रेल्वे स्थानकावर किंवा सरकारी रुग्णालयात एकट्याने मेलेला माणूस. त्याला कुणी काही विचारलेले नसते. स्वेच्छेने अर्ज भरणारा प्रत्येक जण या न विचारलेल्या माणसांवरचा भार थोडा हलका करतो, आणि ख्रिस्ती दृष्टीने देहदानाचे हेच सर्वांत मोठे समर्थन मानावे लागेल. ख्रिस्तसभा स्वतः बंगळुरूत सेंट जॉन्स हे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून चालवते. तिथल्या विद्यार्थ्यांनाही देह लागतातच.

अंत्यविधीची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. महाविद्यालयाला देह मृत्यूनंतर काही तासांतच हवा असतो. वेळ असेल तर घरी किंवा चर्चमध्ये धर्मगुरूंच्या प्रार्थनेनंतर देह सोपवता येतो. वेळ नसेल तर देहाविना मृतासाठी पवित्र मिस्सा अर्पण करता येते. पनवेल परिसर मुंबई महाधर्मप्रांतात मोडतो, आणि केरळहून आलेल्या सिरो-मलबार कुटुंबांसाठी कल्याणचा महाधर्मप्रांत आहे. ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रामाच्या फादरांशी आधीच बोलून ठेवलेले बरे.

खरी अडचण नंतरची आहे. २०१६ च्या व्हॅटिकन सूचनेनुसार दहनानंतरच्या अस्थी विखुरता येत नाहीत, त्या पवित्र स्थळीच ठेवायच्या असतात. हाच न्याय विच्छेदनानंतरच्या अवशेषांनाही लावायला हवा. परंतु महाविद्यालये सहसा अवशेष परत देत नाहीत, त्यांची विल्हेवाट स्वतःच लावतात. ती कशी, कुठे, आणि कुटुंबाने मागितल्यास काही मिळते का, हे अर्ज भरतानाच शरीररचनाशास्त्र विभागात विचारावे. संस्थेने दफनाची तयारी दाखवली नाही, तर दुसरी संस्था पाहण्याची मोकळीक दात्याला असतेच.

देह नाकारलाही जाऊ शकतो. अपघाती किंवा पोलीस चौकशीतला मृत्यू, झालेले शवविच्छेदन, काही संसर्गजन्य आजार अशा कारणांनी महाविद्यालय नकार देते. नेत्रदान केले तरी देह सहसा चालतो, पण इतर अवयव काढल्यावर बहुधा चालत नाही. म्हणून दफनाची पर्यायी तयारी घरच्यांना ठाऊक हवी. अर्जावर साक्षीदारांच्या सह्या असल्या तरी मृत्यूनंतर महाविद्यालयाला फोन करायचा असतो तो घरच्यांनीच. त्यांचा विरोध असेल तर संस्था देह घेण्याच्या भानगडीत पडत नाही. तेव्हा अर्ज भरण्याआधी ही गोष्ट जोडीदाराच्या आणि मुलांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.